सर्वांगी लिंग असता अपशकुन कोठला?

॥ ॐ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥



श्रावण महिन्यात गावोगाव प्रवचने होतात. अशाच एका गावी ‘शरणांची निर्भयता’ या विषयावर तासभर बोलणे झाले. मंडळींनी मनोभावे ऐकले. प्रसाद झाला, विभूती झाली आणि आम्ही पुढच्या गावी निघण्यासाठी उठलो. उंबरठ्यावर पाऊल ठेवले तोच घरातील एका मुलाला शिंक आली. यजमानांनी लगबगीने माझा हात धरला आणि म्हणाले, “अप्पाजी, दोन मिनिटं टेका. नाट लागली.” लगेच आतून पाण्याचा तांब्या आला. त्यांच्या भक्तीचा अवमान नको म्हणून मी बसलो, पाणी प्यालो आणि मग निघालो. गाडीत बसल्यावर मात्र मला माझीच लाज वाटली. तासभर निर्भयतेवर बोलणारा मी एका लेकराच्या शिंकेपुढे खाली बसलो होतो. यजमानांना काय म्हणून दोष द्यावा? तो तांब्याभर पाणी मनात राहिले, आणि त्यातूनच आजचे हे चिंतन आपल्यापुढे ठेवीत आहे.

आपल्या घराघरांतून या समजुती कशा रुजल्या आहेत ते आपण सारे जाणतो. पुरुषाचा उजवा डोळा लवला तर लाभ, डावा लवला तर हानी. स्त्रीचे नेमके उलट. उजवा तळहात खाजला तर पैसा येणार, डावा खाजला तर जाणार. तळपाय खाजला तर प्रवास. उचकी लागली तर कोणी तरी आठवण काढली. कान वाजला तर कोणी तरी नावे ठेवीत आहे. एक शिंक आली तर थांबावे, दोन आल्या तर चालावे. अंगावर पाल पडली तर ती कोणत्या अवयवावर पडली त्याप्रमाणे फळ, आणि ते फळ पाहण्यासाठी पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक तयार. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूती आणि खुंटीला हे कोष्टक, असे आपले संसार चालले आहेत.

या समजुती आजकालच्या नाहीत. वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनातील सीतेचा डावा डोळा, डावा बाहू स्फुरण पावतो आणि पाठोपाठ हनुमंताचे दर्शन होते. कालिदासाच्या शाकुंतलात कण्वांच्या आश्रमात शिरताना दुष्यंताचा उजवा बाहू स्फुरतो. अवंतीच्या वराहमिहिरांनी सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत शकुनांवर अध्याय आहेत, अंगविद्येवरही आहे. म्हणजे विद्वान आणि सामान्य, दोघांनीही हे मानले. म्हणून ‘अडाण्यांचे खूळ’ म्हणून हिणवणे योग्य नव्हे. माणूस उद्याला भितो. उद्याची बातमी आजच मिळावी असे त्याला वाटते. बाहेर कोठे ती मिळेना, तेव्हा तो स्वतःच्या अंगात ती शोधू लागतो. यामागे भय आहे, वेडेपणा नव्हे.

परंतु प्रश्न असा की, बाराव्या शतकात कल्याणला अनुभव मंटपात बसलेल्या शरणांनी या भयाचे काय केले?

शरणांची भूमिका

महात्मा बसवण्णांच्या वचनांत मुहूर्ताविषयी एक वचन आहे, ते आपल्या परिचयाचे आहे. त्याचा आशय असा की, आपल्या माणसांनी विचारले तर लग्न शुभच आहे, ग्रहताऱ्यांचे बळही आहे, आणि उद्यापेक्षा आजचाच दिवस चांगला आहे असे सांगावे. येथे बसवण्णा काही नवे ज्योतिष सांगत नाहीत. शुभ-अशुभ ठरविण्याचा अधिकार ते आकाशातील ग्रहांकडून काढून घेतात आणि सत्कर्माकडे देतात. चांगले काम ज्या क्षणी सुचले तोच त्याचा मुहूर्त.

दुसरी गोष्ट सूतकाची. लिंगायत आचारात पंचसूतके मानीत नाहीत. जननाचे सूतक नाही, मरणाचे नाही, रजस्वलेचे नाही, उच्छिष्टाचे नाही, जातीचे नाही. त्या काळी हे म्हणणे किती मोठ्या धैर्याचे होते याचा आपण विचार करावा. आता माझा साधा प्रश्न आहे. ज्या धर्माने मरणाचेही सूतक मानले नाही, त्या धर्मातील माणसाने लेकराच्या शिंकेचे सूतक पाळावे हे कसे जुळते? मोठा डोंगर ओलांडून आलेला माणूस अंगणातल्या खड्याला अडखळून बसावा तसे हे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शरणांनी शरीराला तुच्छ मानले नाही. बसवण्णांनी या देहालाच शिवालय मानले. षट्स्थल सिद्धांताने त्याही पुढे जाऊन प्रत्येक इंद्रियाच्या ठिकाणी लिंग पाहिले. नाकाच्या ठिकाणी आचारलिंग, जिभेच्या ठिकाणी गुरुलिंग, डोळ्याच्या ठिकाणी शिवलिंग, त्वचेच्या ठिकाणी जंगमलिंग, कानाच्या ठिकाणी प्रसादलिंग आणि हृदयाच्या ठिकाणी महालिंग. आता गंमत पाहा. लोकांनी शकुन-अपशकुन शोधले ते नेमके याच सहा ठिकाणी. शरणांनी जेथे लिंग पाहिले तेथेच आपण शंकेची पाल चुकचुकू दिली. तेव्हा एकेक स्थान घेऊन विचार करू.

नाक: आचारलिंग

शिंक म्हणजे काय? नाकाच्या आतील नाजूक त्वचेला धूळ, धूर, तिखट किंवा थंड हवा लागली की मज्जातंतू मेंदूला खबर देतात आणि छातीतील हवा जोराने बाहेर फेकली जाते. नाकाने घातलेला तो झाडू आहे. मग ती नेमकी निघतानाच का येते? त्याचेही कारण आहे. काही माणसांना अंधारातून एकदम लख्ख उजेडात आले की शिंक येते आणि ही सवय आईबापांकडून मुलांकडे येते. जुन्या घराच्या काळोख्या सोप्यातून माणूस उंबरठ्याबाहेर उन्हात पाऊल टाकतो आणि शिंकतो. शिवाय पाहुणा निघायच्या वेळी चुलीवर बहुधा फोडणी असते. संकेश्वरी मिरचीची फोडणी बसली तर घरातील एकजण तरी शिंकणारच. म्हणजे निघणे आणि शिंकणे यांची गाठ उन्हाने आणि मिरचीने घातली आहे, दैवाने नव्हे.

बौद्धांच्या जातककथांत एक प्रसंग येतो. शिंकणाऱ्याला लोक ‘दीर्घायुषी हो’ म्हणत असत. बुद्धांनी भिक्षूंना विचारले की, असे म्हटल्याने कोणाचे आयुष्य वाढते काय? पण संसारी लोकांना तसे म्हणण्यात आनंद वाटतो, तर तेवढी सभ्यता पाळण्यास पुढे त्यांनी मोकळीक दिली. हा विवेक घेण्यासारखा आहे. लेकरू शिंकले तर ‘शतं जीव’ अवश्य म्हणावे, तो आशीर्वाद आहे. पण शिंकले म्हणून काम थांबवू नये. आचारलिंगाचे स्थान आचाराने शुद्ध होते. शिंकताना तोंडापुढे रुमाल धरणे हा आजचा सदाचार आहे. २०२० सालच्या महामारीने तो आपल्याला चांगलाच शिकविला.

जीभ: गुरुलिंग

उचकीचे मूळ पोट आणि छाती यांमधील श्वासपटलात आहे. ते पटल अचानक आकसते, कंठाचे दार झटकन मिटते आणि ‘उच्’ असा आवाज होतो. भराभर जेवणे, तिखट, फार गरम किंवा फार थंड पदार्थ ही नेहमीची कारणे. कोणी आठवण काढल्याने उचकी लागत असेल तर अमेरिकेतील एका गृहस्थाचे काय म्हणावे? त्यांना १९२२ मध्ये उचकी लागली ती १९९० पर्यंत, म्हणजे ६८ वर्षे, थांबली नाही अशी नोंद आहे. इतकी वर्षे अखंड आठवण काढणारा कोण असेल? हसण्याची गोष्ट सोडली तरी एक ध्यानात ठेवावे. उचकी दोन दिवसांहून अधिक टिकली तर नातलगांची नावे घेत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. मूत्रपिंडाचा किंवा पोटाचा आजारही त्यामागे असू शकतो.

पण जिभेच्या स्थानी खरा दोष उचकीचा नाही, बोलण्याचा आहे. ‘ही पांढऱ्या पायाची’, ‘हिचं तोंड पाहिलं आणि काम फिसकटलं’, ‘विधवा आडवी आली’, हे शब्द याच जिभेवरून जातात. शकुनाचा विचार एकट्या माणसाच्या मनात राहिला तर त्याचेच नुकसान करतो. जिभेवर आला की दुसऱ्याचा जीव घेतो. लग्नघरात कोपऱ्यात उभी राहिलेली, हळदीकुंकवाला न बोलावलेली आपली काकी, आपली आत्या आठवून पाहा. तिने शिंक दिली तर सारे घर तिच्याकडे वळून पाहते. तिला सर्दी झालेली असते हो! दयेला धर्माचे मूळ मानणाऱ्या बसवण्णांच्या लेकरांनी हे करावे काय? गुरुलिंग जेथे वसते त्या जिभेवर असा शब्द येता कामा नये.

डोळा: शिवलिंग

पापणी फडफडते ती तिच्यातील बारीक स्नायू आपोआप आकसल्यामुळे. जागरण, थकवा, काळजी, फार चहा, डोळ्यांवरचा ताण ही त्याची कारणे. चार-आठ दिवसांत ते बहुधा आपोआप थांबते. आता शकुन खरा का वाटतो ते पाहा. मुलीचे लग्न ठरायचे आहे, कोर्टात जमिनीची तारीख आहे, मुलाचा निकाल आहे. काळजीने झोप नाही. झोप नाही म्हणून डोळा लवतो. दोन दिवसांनी जे व्हायचे ते बरे-वाईट होते आणि आपण म्हणतो, “डोळ्यानं आधीच सांगितलं होतं.” डोळ्याने एवढेच सांगितले होते की, बाबा रे, थोडा झोप.

आणखी एक विचार. आपल्याकडे पुरुषाचा उजवा डोळा शुभ आणि स्त्रीचा डावा. चीनमध्ये समजूत अशी की डावा डोळा लवला तर धनलाभ आणि उजवा लवला तर संकट. एकाच परमात्म्याने दिलेला डोळा सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरेच भविष्य सांगेल काय? भविष्य डोळ्यात नसून आपल्या पाठांतरात आहे.

तरीही सावध असावे. पापणीचे फडफडणे काही आठवडे टिकले, डोळा पूर्ण मिटू लागला किंवा गाल व ओठही एका बाजूला ओढले जाऊ लागले तर ते चेहऱ्याच्या मज्जातंतूचे दुखणे असू शकते. त्याला उपचार आहेत. ज्या डोळ्यांनी आपण करस्थळावरील इष्टलिंगाकडे एकटक पाहतो त्या डोळ्यांची निगा राखणे हीसुद्धा शिवलिंगाची पूजाच होय.

त्वचा: जंगमलिंग

येथे मला थोडे थांबून बोलावयाचे आहे.

एकदा मठात पूजा आटोपल्यावर साठीच्या एक आजी येऊन बसल्या. बराच वेळ बोलेनात. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “अप्पाजी, माझ्या जिभेनंच माझं नातवंड गेलं का हो?” त्यांची सून पहिलटकरीण होती. आठवा महिना सरत आला तेव्हा तिचे तळहात-तळपाय खाजू लागले. अंगावर पुरळ नाही, काही नाही. रात्री खाज इतकी वाढे की ती उठून थंड फरशीवर पाय टेकून बसे. तिने सासूला सांगितले. सासूबाई प्रेमळच होत्या. त्या हसून म्हणाल्या, “दोन्ही हात खाजतात म्हणजे लक्ष्मी येणार बघ पोटाला.” घरात सारे आनंदले. सुनेने पुन्हा तक्रार केली नाही. शुभ गोष्टीची तक्रार कशी करावी? पंधरा दिवसांनी बाळाची हालचाल थांबली. दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर एवढेच म्हणाले की, खाज सुटली तेव्हाच आणले असते तर रक्त तपासून उपाय करता आला असता.

बंधू-भगिनींनो, हे नीट ऐका आणि घरी जाऊन सांगा. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात आणि तळपाय खाजू लागले, विशेषतः रात्री खाज वाढू लागली, तर यकृतातून पित्त नीट वाहत नसल्याची ती खूण असू शकते. रक्ताच्या तपासणीने ते कळते. पित्ताचे प्रमाण फार वाढले तर मूल अपुऱ्या दिवसांचे होऊ शकते आणि क्वचित पोटातच दगावू शकते. वेळेवर कळले तर औषध, देखरेख आणि योग्य वेळी प्रसूती करविणे हे उपाय आहेत. गर्भवतीच नव्हे, कोणाचीही अशी खाज दीर्घकाळ टिकली तर यकृत व मूत्रपिंड तपासून घ्यावे. एरवी खाजेची कारणे साधी असतात. कोरडी त्वचा, साबण, धुण्याची पावडर. गवंड्याच्या हाताला सिमेंट.

त्या आजींना मी काय सांगणार? मी म्हणालो, “आई, तुमचा हेतू वाईट नव्हता. तुम्ही पापी नाही. पण जे कळले ते लपवू नका.” पुढे सुनेला पुन्हा दिवस गेले. हा विकार पुढच्या गर्भारपणात पुन्हा उद्भवू शकतो हे त्यांना ठाऊक झाले होते, म्हणून सुरुवातीपासून देखरेख राहिली. आज त्या घरात मुलगी खेळते आहे. आणि त्या आजी गल्लीतील प्रत्येक गर्भारणीला एकच विचारतात, “हात खाजतात का गं?” लक्ष्मीसाठी नव्हे, दवाखान्यासाठी. याला मी खरी जंगमसेवा म्हणतो.

तळहाताविषयी आणखी थोडे. डावा तळहात खाजला तर अशुभ, असे म्हणणाऱ्या लिंगायताने क्षणभर आपल्या डाव्या तळहाताकडे पाहावे. रोज सकाळी याच करस्थळावर आपण इष्टलिंग ठेवतो. जो हात परशिवाचे पीठ झाला तो अशुभ वार्ता देणारा कसा होईल? उजवा शुभ, डावा अशुभ हा भेदच आपल्या पूजेने पुसून टाकला आहे. पुसलेली रेघ आपण पुन्हा का काढावी?

आणि धनाचे म्हणाल तर आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आठवा. सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी ते नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी ते घरात ठेवून घेतले नाहीत, जास्तीचे परत देऊन येण्यास पतीला सांगितले. त्या घरात हात खाजण्याची वाट पाहत कोणी बसले नव्हते. हाताला काम होते, म्हणून हाताला शकुन नव्हता.

राहिली पाल. घरातील पाल विषारी नाही. दिव्याजवळचे किडे खाऊन ती आपले घर साफ ठेवते. छतावरून तिचा पाय सुटला तर ती खाली पडते. खाली आपण बसलेलो असतो. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात सोन्या-रुप्याच्या पाली आहेत आणि त्यांना स्पर्श केला की पल्लीदोष जातो अशी श्रद्धा आहे. ज्यांची श्रद्धा त्यांना नमस्कार. पण ज्याने अंगावर लिंग धारण केले त्याला एका मुक्या जीवाच्या पडण्याचा दोष लागतो असे मानणे, हा लिंगावरील अविश्वास आहे. अंगावर पाल पडली तर झटकावी, हात-अंग धुवावे आणि कामाला लागावे.

कान: प्रसादलिंग

कान वाजणे म्हणजे कानातील आतल्या नाजूक पेशींना इजा झाल्याची तक्रार पुष्कळदा असते. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आयुष्य घालविलेल्या कामगाराला विचारा. रात्री सारे शांत झाले तरी त्याच्या कानात माग चालूच असतो. कोण त्याची निंदा करीत बसले आहे? मागाच्या खडखडाटाने केलेली ती दुखापत आहे. हल्लीच्या मिरवणुकांतील डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या मुलांना तीच दुखापत एका रात्रीत होते. कधी कानातील मळ, कधी रक्तदाब, कधी एखादे औषधही कारण असते. तेव्हा कान वाजला तर ‘कोण मला नावे ठेवतो’ म्हणून शेजाऱ्याशी वैर धरू नये. कानाच्या ठिकाणी प्रसादलिंग आहे. जे कानी येईल ते प्रसाद म्हणून घ्यावे, आणि जे कानी आलेच नाही त्यावर भांडण उभे करू नये.

हृदय: महालिंग

शेवटचे स्थान हृदय. “छातीत धस्स झालं, काही तरी वाईट होणार” असे आपण म्हणतो. आईचे काळीज दूरच्या लेकरासाठी धडधडते हे प्रेम आहे आणि ते पवित्र आहे. पण विचार करा, ती धडधड किती वेळा झाली आणि लेकरू किती वेळा सुखरूप घरी आले? सुखरूप आलेले दिवस आपण मोजत नाही. एकदा खरे ठरलेले जन्मभर आठवते, शंभरदा खोटे ठरलेले संध्याकाळपर्यंत विसरते. सारे शकुनशास्त्र या विसरण्यावर उभे आहे.

मात्र छातीवर दडपण येणे, डावा हात किंवा जबडा जड होणे, दरदरून घाम फुटणे, श्वास अपुरा पडणे, याला शकुन समजून देव्हाऱ्यापुढे बसू नये. तडक दवाखाना गाठावा. तसेच अचानक तोंड वाकडे झाले, एक हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली तर ‘बाहेरचं वारं लागलं’ म्हणून अंगारा शोधीत फिरू नये. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्या साडेचार तासांत जाणत्याची वाट पाहिली तर पुढची वर्षे अंथरुणावर जातात.

मग देव शरीरातून बोलत नाही काय?

काही भाविक मला विचारतात, “अप्पाजी, पूजेच्या वेळी अंगावर रोमांच येतात, डोळ्यांत पाणी येते, कंठ दाटतो. तेही खोटे काय?” मुळीच नाही. रोमांच, अश्रू, स्वेद, कंप, स्वरभंग यांना आपल्या परंपरेने सात्त्विक भाव म्हटले आहे. पण त्यात आणि शकुनात एक मोठा भेद आहे. सात्त्विक भाव या क्षणाच्या भक्तीचे फळ आहे. ते उद्याविषयी काहीच सांगत नाही आणि दुसऱ्याला दोषही देत नाही. शकुन मात्र उद्याची भीती घालतो आणि कोणाला तरी अपशकुनी ठरवितो. एकाने मन विरघळते, दुसऱ्याने आक्रसते. कोणता भाव शिवाकडून आला ते एवढ्यावरून ओळखावे.

शरीर बोलते हे खरेच आहे. पण ते स्वतःविषयी बोलते. भूक लागली, झोप हवी, कोठे सूज आली, कोठे वेदना आहे. ते आपले गाऱ्हाणे सांगत असते आणि आपण त्यात लॉटरीचा आकडा शोधत असतो! अशा वेळी देहरूपी शिवालयातील घंटा वाजत राहते आणि पुजारी मात्र बाजारात भाव विचारीत हिंडतो.

“आमच्या वाडवडिलांनी मानले, ते मूर्ख होते काय?” असेही कोणी विचारील. नव्हते. त्यांच्यापाशी रक्ततपासणी नव्हती, जवळ दवाखाना नव्हता. अंधारात चाचपडणाऱ्याने भिंतीचा आधार घेतला तर त्याला हसू नये. पण दिवा लागल्यावरही आपण भिंत चाचपडत चाललो तर? भीतीचा धंदा करून लुबाडणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ मध्ये आणि कर्नाटकात २०१७ मध्ये कायदे झाले, ते योग्यच झाले. परंतु आपल्याच उंबरठ्यावर आपल्याच शिंकेने आपले पाऊल अडविले तर कोणता कायदा सोडविणार? तेथे विवेकच हवा.

म्हणून या महिन्यात आपण तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली, घरात एक वही ठेवावी. डोळा लवला, तळहात खाजला, शिंक आली की तारीख घालून लिहावे. पुढे काय झाले तेही लिहावे. खरे ठरले ते लिहावे आणि खोटे ठरले तेही लिहावे. महिनाअखेर सारे घर एकत्र बसून वाचावे. मी काही सांगण्यापेक्षा ती वही अधिक सांगेल.

दुसरी, घरातील कोणी अंगाची तक्रार सांगितली, विशेषतः सुनेने, लेकीने, म्हाताऱ्या माणसाने, तर तिचा अर्थ लावू नये. आधी विचारावे, “किती दिवसांपासून? रात्री वाढते का? दाखवायला जाऊ या का?” एवढे तीन प्रश्न.

तिसरी, शुभकार्याला निघताना कोणी शिंकले तर थांबू नये. आणि घरात एखादी विधवा काकी किंवा आत्या असेल तर तिच्याच हातची विभूती लावून बाहेर पडावे.

मीही एक ठरविले आहे. त्या गावी येत्या श्रावणात पुन्हा जाणे आहे. निघताना कोणी शिंकले तर त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून ‘शतं जीव’ म्हणेन आणि उंबरठा ओलांडेन. तांब्यातले पाणी प्यावयाचे असेल तर ते तहान लागली म्हणून पिईन.

शरणु शरणार्थी.